दमेकरी वृद्ध, महासाथ आणि मागे राहिलेली उदासी: एका सुनेच्या प्रश्नाला उत्तर

परभणी जिल्ह्यातील एका ताईंनी विचारले आहे, त्याचा सारांश असा. त्यांचे सासरे ७२ वर्षांचे आहेत. तीसेक वर्षे त्यांनी जिनिंगमध्ये काम केले, बिडी ओढली आणि दहा वर्षांपूर्वी त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार असल्याचे निदान झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घरच्यांनी त्यांना ओसरीलगतच्या खोलीत वेगळे ठेवले, कारण फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या वृद्धांना कोरोनाचा धोका जास्त आहे असे सर्वांनीच सांगितले होते. त्यांना कोरोना झाला नाही. मात्र एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांचे थोरले भाऊ गेले आणि सासऱ्यांना त्यांचे शेवटचे तोंडही पाहता आले नाही. तेव्हापासून ते पारावर गेलेले नाहीत, हरिपाठाला बसत नाहीत, अर्धी भाकरी खाऊन ताट सारतात, पहाटे तीनला उठून बसतात आणि ऑक्सिमीटर बोटाला लावून ठेवतात. छातीचे डॉक्टर म्हणतात की तपासण्या पूर्वीसारख्याच आहेत. भावकी म्हणते की वय झाले. ताईंना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा दमा आहे की मनाचे दुखणे, आणि मनाची औषधे दम्याच्या औषधांबरोबर चालतात का.

ताई, आपण त्यांना मामा म्हणता, म्हणून मीही इथे तोच शब्द वापरतो. मी गेली चोवीस वर्षे मराठवाड्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि त्यातला बराच काळ छातीविकार विभागाच्या शेजारी बसून गेला आहे. माणसाला न तपासता निदान करणे योग्य नाही, तरीही आपण जे लिहिले आहे ते वाचून मला असे वाटते की मामांना दोन्ही आजार आहेत आणि त्यातल्या दुसऱ्यावर आजवर काहीच उपचार झालेला नाही. हा आजार नैराश्याचा आहे. सीओपीडीच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात तो आढळतो, वय झाले म्हणून तो येत नाही आणि वय झाले तरी तो बरा होऊ शकतो.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. दमेकऱ्यांना घरात ठेवा, कोणाला भेटू देऊ नका, बाजार, लग्न, मयत, सगळे टाळा, हे २०२० साली आम्ही डॉक्टरांनीच सांगितले होते. त्या वेळी ते बरोबर होते आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. पण लसी झाल्या, लाटा ओसरल्या, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी या माणसांना कोणी समोर बसवून सांगितले नाही की आता बाहेर पडा, आता तुमच्यासाठी बाहेर पडणे हेच औषध आहे. बाहेर न पडण्याची सूचना जितक्या जोराने दिली गेली, तितक्या जोराने ती मागे घेतली गेली नाही. मामांच्या लेखी ती अजून लागू आहे.

आता दम आणि उदासी एकमेकांना कशी धरून ठेवतात ते पाहू, कारण हे समजले की पुढचा उपचार आपोआप समजतो. सीओपीडीमध्ये श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड असते. अरुंद नळ्यांमधून हवा सावकाश बाहेर पडते, त्यामुळे पुढचा श्वास घेण्याची वेळ येते तेव्हा आधीची हवा पूर्ण गेलेली नसते. माणूस घाबरला की श्वास भराभर चालतो, बाहेर सोडायला आणखी कमी वेळ मिळतो आणि छातीत हवा साचत जाते. तोंडापर्यंत भरलेल्या पोत्यात आणखी धान्य घालता येत नाही, तसे होते. छाती भरलेली असते आणि रुग्णाला मात्र वाटते की हवाच मिळत नाही. असा अनुभव दोन-चार वेळा आला की माणूस चालणे टाळतो. आधी शेत सुटते, मग पार सुटतो, मग अंगणातली मोरीसुद्धा लांब वाटू लागते. न वापरलेल्या मांड्यांचे स्नायू रोडावतात, आणि अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो. म्हणजे फुप्फुसाचा आकडा तोच राहतो आणि दम मात्र वाढतो. मामांच्या छातीच्या डॉक्टरांचे म्हणणे आणि मामांचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते ते यामुळे. या घसरणीत घरात बसलेल्या माणसाकडे दिवसभर करण्यासारखे काही उरत नाही, कोणी काही विचारत नाही, आणि आपण आता भार झालो हा विचार तिथे मूळ धरतो.

कुटुंबाला हे ओळखता येत नाही याचे एक कारण असे की थकवा, झोपमोड, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे दम्यातही असतात आणि नैराश्यातही. दुसरे कारण आपल्या भाषेत आहे. आपल्याकडचा म्हातारा माणूस कधी ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘करमंना’, ‘अन्न गोड लागंना’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘कशातच मन लागंना’. घरचे त्याचा अर्थ पोटाशी किंवा छातीशी लावतात. मी स्वतः ज्या खुणांवर भर देतो त्या शरीराबाहेरच्या आहेत: पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस जाणे, नातवाने जवळ येऊन बसले तरी चेहरा न बदलणे, पहाटे लवकर जाग येऊन तीच वेळ सर्वांत जड वाटणे, आणि आपल्यामुळे घरावर ओझे पडले असे पुन्हा पुन्हा बोलणे. हे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज चालू असेल तर तपासणी व्हायलाच हवी. वृद्धांसाठी हो किंवा नाही अशी उत्तरे असलेली पंधरा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे. तिच्यात झोप, भूक, दुखणे यांविषयी मुद्दाम काही विचारलेले नाही, म्हणून दमेकऱ्यांसाठी ती विशेष उपयोगी पडते.

भावकीतले लोक असेही म्हणत असतील की ज्याने १९७२ चा दुष्काळ काढला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्याचे ऐकून जो मदतीला धावला, तो माणूस असा कसा खचेल. मी हा प्रश्न अनेक घरांत ऐकला आहे. त्या दोन्ही संकटांत माणसे एकत्र होती. दुष्काळात रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर सारा गाव शेजारी शेजारी बसला होता. महासाथीने प्रथमच असे शिकवले की शेजारचा माणूस हाच धोका आहे, आणि संकटाच्या काळात जे जे करून आपले वृद्ध सावरत आले होते, भजन, सप्ताह, वारी, मयतीला जाणे, ते सारे एकदम थांबले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी निघाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ज्यांच्या वर्षाची घडीच त्या तारखांवर बसलेली होती त्यांना याने काय झाले असेल, याचा अंदाज रुग्णालयात बसून पूर्ण येत नाही.

ऑक्सिमीटरविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. जालन्याकडील एका आजींना त्यांच्या नातवाने माझ्याकडे आणले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). आजींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर चिमट्याचा वळ उठलेला होता. नातवाजवळ शाळेची चौकोनी वही होती आणि तिच्यात एका दिवसाचे एकेचाळीस आकडे लिहिलेले होते: ९१, ९०, ९१, ९२, ९०. रात्री दोन वाजताचाही आकडा होता. महासाथीत ९४ च्या खाली आला की डॉक्टरांकडे जा, असे सर्वत्र सांगितले जात होते आणि ते कोरोनाच्या रुग्णांसाठी योग्यच होते. पण ज्यांना अनेक वर्षे सीओपीडी आहे त्यांच्यापैकी कित्येकांचा नेहमीचा आकडाच ९० ते ९२ असतो. ऑक्सिजन लावावा लागला तरी अशा रुग्णांत तो ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवण्याचा आमचा प्रयत्न असतो, कारण जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणजे त्या आजी दोन वर्षे स्वतःच्या नेहमीच्या, स्थिर आकड्याला मरणाची सूचना समजून रोज एकेचाळीस वेळा घाबरत होत्या. मी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांशी बोललो, त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘तुमचा चांगला आकडा ९०’ असे लिहून सही केली आणि दिवसातून दोनदाच मोजायचे ठरले. त्या सहीने जे काम केले ते माझ्या गोळीने एकटीने झाले नसते.

मामांसाठीही हेच करून घ्या. शांत बसलेले असताना त्यांचा नेहमीचा आकडा किती असतो ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तो तीन-चारने उतरून तिथेच राहिला किंवा ८८ च्या खाली गेला तर काय करायचे तेही विचारून ठेवा. बेडका वाढला, पिवळा किंवा हिरवा झाला, एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर हे मनाचे नाही, लगेच रुग्णालयात न्यावे. आणखी एक खूण फार महत्त्वाची आहे. सकाळी डोके दुखते, दिवसा गुंगी येते, बोलण्यात विसंगती येते, असे काही नव्याने दिसले तर ती उदासी समजू नये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याचे ते लक्षण असू शकते.

नैराश्याचे औषध सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि सोडियम या तपासण्या करून घ्याव्यात, कारण यांतले काही बिघडले तरी माणूस असाच मलूल होतो. त्याबरोबर चालू असलेली प्रत्येक गोळी टेबलावर मांडावी. दम्यासाठीच्या थिओफायलिन गटातल्या गोळ्या झोप उडवतात आणि धडधड वाढवतात. तत्काळ आरामाचा पंप वारंवार मारला की हात कापतात, छाती धडधडते आणि रुग्णाला ते घाबरणेच वाटते. मॉन्टेलुकास्ट या औषधाने काहींच्या मनःस्थितीत बदल होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा घातला. सीओपीडीत त्याचा फारसा उपयोगही नसतो, तेव्हा ते चालू असेल तर का चालू आहे हे विचारावे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आधी हुरूप येतो, पुढे चिडचिड होते, आणि दीर्घकाळ घेऊन त्या एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो. आपल्या भागात दम्यावर म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात त्यांत बहुधा हेच स्टेरॉइड असते. मामा अशी पुडी घेत असतील तर रागावू नका, परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना खरे सांगा. पंपातून श्वासावाटे जाणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा फार कमी असते, त्याची भीती बाळगून तो सोडू नये.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. नैराश्यावरची औषधे दम्याच्या औषधांबरोबर चालतात, मात्र सगळी चालत नाहीत. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅम ही औषधे आम्ही वृद्धांमध्ये साधारण निम्म्या मात्रेने सुरू करतो, म्हणजे अनुक्रमे २५ आणि ५ मिलिग्रॅमने, आणि एसिटालोप्रॅम या वयात सहसा १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाही. या औषधांनी काही वृद्धांचे सोडियम उतरते, विशेषतः रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, म्हणून पहिल्या महिन्यात एकदा ते तपासावे. भूक आणि झोप दोन्ही गेली असतील तर रात्रीच्या मिर्टाझापिनचा विचार करता येतो, पण दम कमी व्हावा म्हणून ते घेऊ नये. त्याचा तसा उपयोग होत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांत कधी आठसुद्धा. चौथ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून बंद केलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग मी पाहिला आहे. बरे वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागतात. त्यांची नशा होत नाही.

दोन गोळ्यांपासून मात्र मामांना जपा. एक, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, जी मेडिकलवाल्याकडून सहज आणली जाते. दम्याच्या वृद्धात ती श्वासाची गती मंदावू शकते, तोल घालवते, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे सारे कठीण होते. ती आधीपासून रोज चालू असेल तर एकदम तोडू नका, हळूहळू कमी करावी लागते. दुसरी, धडधड आणि थरथर कमी करण्यासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल. ती श्वासनलिका आवळते. मनाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर दम्याचे नाव पहिल्याच वाक्यात घ्या, म्हणजे ही चूक टळेल.

तरी औषध हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग चालण्याचा आहे, आणि माझ्या अनुभवात मामांसारखे रुग्ण खऱ्या अर्थाने वर येतात ते इथे. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा सहा ते आठ आठवड्यांचा व्यायामक्रम असतो. त्याने दम कमी होतो, तशीच भीती आणि उदासीही कमी होते. तालुक्याला तो मिळणे अवघड आहे, म्हणून घरी सुरुवात करावी. पहिले काम म्हणजे मामांना पंप घेऊन दाखवायला सांगणे. माझ्यासमोर एका काकांनी कॅप्सूल बसवली, फिरवली, आणि यंत्र तोंडाला लावून आत ओढण्याऐवजी त्यात जोरात फुंकर मारली. सहा वर्षे ते तसेच करत होते आणि पंप कामाचा नाही असे सांगत होते. पंप बरोबर घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चालायला निघावे. धाप लागली तर थांबून, पुढे वाकून, कोपरे मांडीवर टेकवावीत, नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ लावून सोडावा. छोट्या पंख्याचा वारा चेहऱ्यावर, नाकाजवळ घेतला की दम लागल्याची जाणीव कमी होते. उपाय साधा आहे म्हणून कमी समजू नका.

चालण्याचे अंतर मिनिटांत सांगू नका, जागांनी सांगा. पहिला आठवडा अंगणातल्या तुळशीपर्यंत, पुढे हौदापर्यंत, मग गिरणीपर्यंत आणि एके दिवशी पारापर्यंत. शेवटी जिथे जायचे तिथे कोणीतरी वाट पाहणारे असले पाहिजे. मामांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकाला आधीच सांगून ठेवा. ‘उठा, बसून राहू नका’ असे म्हटल्याने नैराश्यातला माणूस उठत नाही, त्याला फक्त आणखी एक अपराध केल्यासारखे वाटते. ‘चला, मला हौदापर्यंत सोबत करा’ म्हटले तर पुष्कळदा उठतो. मन लागेल तेव्हा करू, असे ते म्हणतील. या आजारात आधी करावे लागते, मन नंतर लागते. हरिपाठाचेही तसेच. पूर्ण म्हणायला दम पुरत नसेल तर एक अभंग पुरे, टाळ दुसऱ्याच्या हाती. आणि लांब सुरात सावकाश सोडलेला श्वास हा त्यांच्या छातीला हवा तोच व्यायाम आहे.

भावाच्या मृत्यूविषयी घरात बोलणे टाळले जात असेल तर ते टाळणे बंद करा. त्या काळात प्रेत घरी आले नाही, खांदा देता आला नाही, दहाव्याला माणसे जमली नाहीत. मामांच्या दुःखाला समाजाने कधी दारात येऊन विचारलेच नाही. त्यांना भावाच्या घरी न्या, भावजयीजवळ बसू द्या, पितृपक्षात त्यांच्या हातून भावाच्या नावाने पान वाढू द्या. ते रडतील आणि त्यांना धापही लागेल. बाजूला बसा, पंप जवळ ठेवा, रडू द्या.

इथे सासूबाईंबद्दलही विचारावेसे वाटते, कारण आपण त्यांच्याविषयी काही लिहिलेले नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, कधी बिडीला हात न लावलेल्या कितीतरी बायकांना हाच फुप्फुसाचा आजार असतो, आणि त्यांची धाप ‘कामाची सवय गेली’ म्हणून सोडून दिली जाते. मामांना घेऊन जाल तेव्हा त्यांचीही फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण ती लिहायलाच हवी. ‘देवा, आता ने’ असे म्हणणारे सगळेच वृद्ध जीव देण्याच्या विचारात नसतात, तरी तो विचार आहे का हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. ‘मामा, जगून काही उपयोग नाही असं वाटतं का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ इतक्या सरळ शब्दांत विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उत्तर काहीही असो, घरातली फवारणीची औषधे आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर हलवा. साठवलेल्या गोळ्याही आपल्या ताब्यात ठेवा. रात्री-अपरात्री बोलायला हवे असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. अंबाजोगाई, नांदेड, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीविकार आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामे होतात. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे, पंप, जुने अहवाल आणि गेल्या दोन आठवड्यांत मामा किती वाजता उठले, किती भाकरी खाल्ली, कुठवर चालले याची नोंद सोबत न्या. काय होतंय असे डॉक्टरांनी विचारले की आपल्याकडे सगळे घर एकदम उत्तर देते. त्या वेळी मामांना बोलू द्या, त्यांना वाक्य पुरे करायला दोनदा श्वास घ्यावा लागला तरी थांबा. आणि सर्वांसमोर सांगता येत नाही असे काही त्यांच्या मनात असू शकते, म्हणून दहा मिनिटे त्यांना डॉक्टरांजवळ एकटे बसू द्या.